पुरेल एवढी वाफ

“ब्रेक! अहो बाई, ब्रेक! डोळे आहेत की बटणं?”

गाडी सर्कलच्या तोंडाशी धाडकन थांबली. ब्रेक थेल्माबाईंनी नव्हे, क्लाईव्हनेच दाबला होता. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. मासळीचा ट्रक समोरून सावकाश वळला आणि डॉकच्या दिशेने निघून गेला. ट्रक तसा लांबच होता. ओरडण्यासारखं काहीही घडलं नव्हतं.

थेल्मा ब्लँचर्डनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी पुढे नेऊन बेताने कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून क्लाईव्हच्या मांडीवर ठेवली.

“क्लाईव्ह, माझ्यावर असं ओरडायचा हक्क मी आयुष्यात एकाच माणसाला दिला. तोही लग्नाला दहा वर्षं झाल्यावर.”

पर्स काखेत मारून त्या उतरल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. सत्तरी गाठलेली, बुटकी, ताठ बाई. क्लाईव्ह शिक्षकाच्या जागेवर तसाच बसून राहिला. चालकाच्या सीटवर कुणीच नव्हतं.

क्लाईव्ह मम्बी शिकवताना ओरडला, हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबीत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. दुसरीकडे तीन-तीनदा नापास झालेली पोरं शेवटी त्याच्याकडे यायची. एका मुलीने गाडी थेट कुणाच्या तरी बागेत घातली, तेव्हा “चला, गुलाबही बघून झाले,” एवढंच तो म्हणाला होता. वीसेक वर्षं याच शांतपणावर त्याचं पोट चाललं होतं. प्रत्येक शिकवणी संपली की तो गाडीच्या मागे जाऊन एक सिगारेट ओढायचा आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे हसतमुखाने यायचा. तो शांतपणा आपला की सिगारेटचा, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

सिगारेट सोडायचं ठरलं ते रॉयमुळे. रॉय त्याचा थोरला भाऊ, जन्मभर मच्छीमारी बोटींवर काढलेला. धुराने त्याच्या पायातल्या रक्तवाहिन्या अशा बुजल्या की वसंतात डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली कापला. क्लाईव्ह भेटायला गेला, तर पलंगावर पडून रॉय म्हणाला, “आपल्या दोघांत मिळून आता तीन पाय उरलेत. तेवढे तरी सांभाळ, गाढवा.”

क्लाईव्हने बाजारातून व्हेप आणलं, धुराऐवजी निकोटिनची वाफ ओढायचं यंत्र. त्यात भरायच्या द्रवाच्या बाटल्यांवर निकोटिन किती, त्याचे आकडे होते. त्याने कुणाला न विचारता सगळ्यांत लहान आकडा उचलला, तीन. थोडं घेतलं की लवकर सुटेल, असा साधा हिशेब. चार दिवस तो ते यंत्र बाळाने चोखणं चोखावं तसं चोखत होता. घरात एवढी वाफ व्हायची की त्याची बायको इव्हॉन म्हणायची, “मी कुठल्या बंदरात लागलेय ते तरी सांग.” आणि एवढं करूनही रात्रीच्या जेवणानंतर तो परसातल्या शेडमागे जाऊन चोरून दोन सिगारेटी ओढायचाच. दुधाचा डबा उघडला नाही म्हणून त्याने दुधाच्या डब्याला शिव्या दिल्या होत्या. आणि आता थेल्माबाईंना.

थेल्माबाई काही नुसत्या विद्यार्थिनी नव्हत्या. क्लाईव्ह शाळेत असताना त्या जेवणघरात वाढायला होत्या. त्यांचा नवरा लेन हिवाळ्यात अर्धांगवायूने पडला. घरी करणं अशक्य झालं, तेव्हा त्याला लाउथ गावच्या केअर होममध्ये ठेवावं लागलं. लाउथची बस मोजकीच, तीही दारोदार थांबत जाणारी. लेनची निळी गाडी मात्र गॅरेजमध्ये नुसती उभी. म्हणून या वयात बाईंनी स्टिअरिंग हातात धरलं होतं.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. पुढची शिकवणी नको.

दुसऱ्या दिवशी क्लाईव्ह फ्रीमन स्ट्रीटवरच्या व्हेपच्या दुकानात गेला. गल्ल्यावर कर्स्टी होती, तिशीतली, दंडावर गोंदलेला बगळा. पूर्वी ती मासळीच्या कारखान्यात होती आणि तिथेच तिची स्वतःची सिगारेट सुटली होती.

“हे यंत्र खराब आहे,” क्लाईव्ह म्हणाला.

कर्स्टीने ते उलटसुलट करून पाहिलं. “यंत्राला काय झालंय? चांगलं ठणठणीत आहे. दिवसाला किती ओढायचात?”

“पाकीटभर.” मग जरा थांबून, “दीड.”

“आणि सकाळची पहिली?”

“किटली उकळायच्या आत.”

तिने बाटलीवरचा आकडा वाचला आणि ती खो खो हसत सुटली. “तीन? अहो राजे, हे म्हणजे उपाशी माणसाला सूप दुरून हुंगायला देण्यासारखं झालं.”

“धुरापायी भावाचा पाय कापावा लागला. मला वाटलं, जेवढं कमी तेवढं बरं.”

“सगळ्यांनाच वाटतं. मग आठवड्याभरात पाकीट विकत घेतात आणि म्हणतात, आमच्यातच दम नाही. दम तुमच्यात आहे हो, बाटलीत नाही.”

क्लाईव्ह पहिल्यांदाच जरा सैल झाला. आपल्यातच दम नाही, असंच गेले चार दिवस तो स्वतःला सांगत होता.

कर्स्टीने अठराची बाटली काढली. त्याने ती हातात घेतली नाही. “तीनवरून अठरा? मी सोडतोय की वाढवतोय?”

“तुमच्या भावाचा पाय कशाने गेला म्हणालात?”

“धुराने.”

“मग आधी धूर जाऊ दे. निकोटिन काही साधुसंत नाही, तेही चिवट असतं, सोडता सोडत नाही. पण त्याला नंतर पायरी पायरीने उतरवू. दोघांशी एकदम मारामारी कशाला?”

अठराची बाटली घेऊन तो निघाला. ती कशी ओढायची, हे विचारायचं राहून गेलं. किंवा विचारावंसं वाटलं नाही. तीनची सवय लागलेली, तसाच तो सुपरमार्केटच्या आवारात इव्हॉनची वाट पाहत झुरक्यावर झुरके मारत बसला. इव्हॉन ढकलगाडी घेऊन आली, तर नवरा गाडीच्या बॉनेटला धरून उभा. कपाळावर गार घाम, आणि एकामागून एक उचक्या.

“दुपारची ढोसलीस की काय?”

“नाही गं... हिक्... अठरा...”

“अठरा? अठरा प्यालास?”

शेजारी सामान भरणाऱ्या बाईंनी मान वळवून चांगलं निरखून पाहिलं. इव्हॉनने त्याला बाजूच्या सीटवर कोंबलं आणि खिडकी उघडून स्वतः गाडी चालवली. घरी पोचेपर्यंत उचक्या थांबल्या होत्या, तिचं हसू थांबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला दारात पाहून कर्स्टी म्हणाली, “जास्त झालं वाटतं.”

“मळमळलं.”

“अहो, ते कडक आहे. दोन-चार झुरके घ्यायचे आणि खिशात टाकायचं. मग जरा थांबून स्वतःला विचारायचं, अजून हवंय का? जेवताना विचारतो तसं. सिगारेट संपली की आपोआप थांबायचं कळतं. याला संपणं नाही, म्हणून आपण थांबायचं.” तिने फळीवरून आणखी एक बाटली काढली. “सकाळच्या त्या किटलीपुरतं अठरा ठेवा. दिवसभर हे बारा.”

बारा लागू पडलं. एकाच दिवसात असं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो शेडपर्यंत जाऊन परत आला, दुसऱ्या दिवशी शेडमागे जाऊन नुसता उभा राहिला. पण आठवडा सरता सरता एकदा जेवणानंतर तो भांडी घासत होता आणि साबणाचे हात तसेच ठेवून एकदम थांबला. शेडची आठवणच झाली नव्हती. मग मात्र तो मुद्दाम गेला, पाकीट काढलं, नळाखाली धरून त्याचा लगदा केला आणि कचऱ्यात टाकला.

त्यानंतर तो थेल्माबाईंच्या दारात गेला.

“माफी मागायला आलास?”

“हो.”

“मग दारात काय उभा? आत ये.”

चहा झाला. क्लाईव्हने सगळं सांगितलं, रॉयचा पाय, तीन, अठरा, उचक्या. बाई बिस्कीट चहात बुडवत ऐकत होत्या.

“म्हणजे बाटली हलकी निघाली म्हणून मी शिव्या खाल्ल्या?”

“बाटलीचं नाव कशाला घेऊ? ओरडलो मीच. चुकलं माझं.”

“चुकलंच.” त्यांनी बिस्कीट संपवलं. “मी परत शिकणारच नव्हते, तुला सांगते. त्या दिवशी बसने घरी आले आणि ठरवलं, झालं तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी लेनकडे गेले, तेही बसनेच. त्याला बोलता येत नाही आता, दोन-चार शब्द तेवढे. मला म्हणाला, ‘गाडी?’ स्टिअरिंग फिरवल्यासारखा हात करून. माझ्या तोंडून निघून गेलं, हो, गाडीनेच आले. माझी मीच.”

“मग?”

“मग काय? एवढा खूश झाला रे. नर्सला बोलावलं, माझ्याकडे बोट दाखवलं, परत तो हात फिरवला. आता मी काय करू? खोटं बोलून बसलेय. ते खरं करायला नको?”

क्लाईव्हने कप खाली ठेवला. “उद्या सकाळी येऊ?”

“ये. आणि येताना ते बारा की काय, ते पिऊन ये.”

त्यानंतर शिकवणी पूर्वीसारखी सुरू झाली. दोघं लाउथच्या रस्त्याला लागत, चढउतारांवरून, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं. तासाच्या मध्ये क्लाईव्ह उतरून एखाद्या शेताच्या फाटकाशी उभा राहायचा, दोन झुरके घ्यायचा आणि परत यायचा. “आज कसला वास म्हणायचा? कस्टर्ड?” बाई नाक वर करून विचारायच्या. “आमच्या जेवणघरातलं याहून बरं होतं.”

पहिल्या परीक्षेत बाई रिव्हर्स घेताना फुटपाथवर चढल्या आणि नापास झाल्या. दुसरीची तारीख मिळाली, त्याच सुमारास कर्स्टी म्हणाली की आता सहावर उतरायला हरकत नाही. क्लाईव्हने करून पाहिलं. त्याच दिवशी बाई तोच रिव्हर्स घेत होत्या, चाक फुटपाथकडे सरकत होतं, आणि आपला आवाज चढणार आहे, हे त्याला आतून कळलं. त्याने तो तिथेच गिळला. गाडी थांबल्यावर मात्र खरं ते सांगून टाकलं.

“आजपासून सहा आहे. जमत नाहीये. तुमची परीक्षा होईपर्यंत मी बारावर परत जातोय.”

थेल्माबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. “माझ्या परीक्षेसाठी?”

“हो.”

“मग आता नापास व्हायची सोय राहिली नाही म्हणायची.”

परीक्षेच्या दिवशी तो केंद्राच्या आवारात भिंतीला टेकून उभा होता. गाडी परत आली. परीक्षक काहीतरी बोलत होता, बाई मान हलवत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मग त्या उतरल्या, क्लाईव्हपर्यंत चालत आल्या आणि त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. “झाले रे पास,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

पुढच्या महिन्यात क्लाईव्ह सहावर आला. या वेळी जमलं. “शून्यावर कधी?” इव्हॉनने एकदा विचारलं. “येईन,” तो म्हणाला, “आत्ता इथे बरं वाटतंय.” रॉयला कृत्रिम पाय बसवून झाला होता, तो त्या पायाने क्लाईव्हच्या पोटरीवर टकटक करून म्हणायचा, “हा चांगला आहे अजून.” मध्यंतरी एका विद्यार्थ्याने फाटकाचा खांब घासला. गाडीला लांबच लांब ओरखडा गेला. “खांब तिथेच असतो बरं का रोज,” क्लाईव्ह म्हणाला आणि तास पुढे चालू राहिला. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, त्या वेळी हात खिशाकडे गेलासुद्धा नव्हता. हे त्याने इव्हॉनलाही सांगितलं नाही. आपल्यापाशीच ठेवलं.

सप्टेंबरच्या शेवटी, एका स्वच्छ उन्हाच्या दुपारी, तो एका नव्या मुलीला घेऊन शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर होता. सिग्नल लाल होता. आडव्या रस्त्याने लेनची निळी गाडी येताना दिसली.

“ती बाई एवढी हळू का चालवतेय?” मुलीने विचारलं.

गाडी खरंच फार हळू होती. मागे सात-आठ गाड्या खोळंबल्या होत्या, पण हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. थेल्माबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकल्या होत्या. क्लाईव्हने हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारी लेन बसला होता, मफलर गुंडाळलेला, गुडघ्यांवर पांघरूण. त्याच्या बाजूची काच पूर्ण खाली होती आणि त्याने आपला चांगला हात बाहेर काढून वाऱ्यात उघडा धरला होता.

क्लाईव्हने हात खाली घेतला. सिग्नल हिरवा झाला होता. मुलगी निघायला लागली, तसा तो हलकेच म्हणाला, “थांब जरा. त्यांना जाऊ दे.”