पहिल्या कपातला घोट

त्या शहरात माणसाला देव माहीत नसला तरी चालायचं, पण आपली कॉफी कुठली हे त्याला सांगता यायला हवं. सकाळी हातात कागदी कप नसेल तर लोक तब्येत विचारत. पावलापावलाला दुकान. कोणी फेसावर पानंफुलं काढायचं, कोणी दाणे कुठल्या डोंगरावर पिकले त्याचं पुराण सांगायचं, आणि ते ऐकेपर्यंत कॉफी गार व्हायची. या सगळ्या थाटामाटात एका बोळाच्या तोंडाशी दोघी बहिणींचं दुकान होतं. उंच स्टुलं, एक लांब फळी, बास. पुराण नाही, पानंफुलं नाहीत. कॉफी तेवढी चांगली.

ती चांगली होती ताईमुळे. दाणे दळायच्या ग्राइंडरला वर एक आकड्यांचं कडं होतं. ते एका बाजूला फिरवलं की पूड बारीक, कॉफी थेंबथेंब उतरणार आणि कडू होणार. दुसऱ्या बाजूला फिरवलं की पूड जाड, कॉफी भसाभसा वाहणार आणि पाणचट होणार. आज ठीक असलेला आकडा उद्या चालेल याचा भरवसा नाही, कारण हवा बदलते आणि हवेबरोबर दाण्याचा नूर. म्हणून दुकानाचा नेम होता: दिवसाचा पहिला कप विकायचा नाही. ताई तो उभ्याउभ्या चाखायची, एकच घोट, डोळे मिटून. मग कडं केसभर हलवायची. धाकटीला त्या कड्याला हात लावायची बंदी होती.

"मुंगे, जिभेची कामं दोन," ताई म्हणायची. "बोलायचं तुझं, चाखायचं माझं. वाटणीत लबाडी नको."

मग ताप आला. आधी धाकटीला. ताईने उशाशी बसून, गार पट्ट्या ठेवून तिला त्यातून ओढून काढलं, आणि तोच ताप ताईला घेऊन गेला. धाकटी उठली ती जिभेची चव आणि नाकाचा वास गमावून. सुरुवातीला तिने मीठ चाटून पाहिलं, लिंबू चोखलं, मिरची चावली. चमच्यामागून चमचे खाल्ले, की पुढच्यात तरी काही लागेल. तोंड पोळलं, चव आली नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताईचे यजमान सरळ माणूस होते. म्हणाले, "मला त्या दुकानात पाय ठेववत नाही गं. गिऱ्हाईक टिकलं तर दुकान तुझं. नाही टिकलं तर कोपऱ्यावरच्या त्या कॉफीच्या कंपनीला देऊन टाकू."

"टिकेल, भाऊजी," ती म्हणाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दुकानाखेरीज तिच्याकडे ताईचं होतं काय?

दुकान उघडलं त्या सकाळी तिने पहिला कप काढला आणि सवयीने फळीच्या टोकाला, ताईच्या जागी ठेवला. शटर पुरतं वर करून परत आली तर कप एका घोटाने कमी. ग्राइंडरचं कडं हललेलं. तिच्या अंगावर काटा आला, पण तेवढ्यात बोळापलीकडचे घड्याळवाले काका आले. ताईच्या वेळेपासूनचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी कॉफी घेतली, डोळे मिटले.

"ताईच्या हातचीच वाटते की," ते म्हणाले.

धाकटी आतल्या मोरीवर जाऊन पोटभर रडली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आधार. वाटणी अजून शाबूत होती: बोलायचं तिचं, चाखायचं ताईचं.

असं बरेच दिवस चाललं. सकाळी कप ठेवायचा, पाठ फिरवायची, घोट कमी व्हायचा, कडं हलायचं. धाकटी तेवढ्या वेळात ताईशी बोलून घ्यायची. कोण आलं, कोण नाही, भाऊजी नीट जेवतात का. उत्तर यायचं नाही. कधी फक्त कप बशीवर टेकल्याचा आवाज यायचा, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

मग एकदा काका म्हणाले, "आज जरा कडवट वाटतेय."

"दाणे नवे आहेत, काका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला. मग इतरांनीही. स्टुलं रिकामी राहू लागली. कडं रोज बारीककडे सरकत होतं, आणि फळीच्या टोकाचा कप आता घोटाने नाही, अर्ध्याने कमी व्हायचा. भाऊजींचा फोन आला. आवाज मऊच होता. "कंपनीचा माणूस उद्या दुपारी येतोय. मी त्याला काय सांगू?"

त्या उद्याच्या सकाळी धाकटीने कप ठेवला, शटर वर केलं, वळली. कप तळापर्यंत रिकामा. कडं शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकलेलं, आणि तरीही करकरत होतं, कुणीतरी आणखी पुढे रेटत असल्यासारखं.

ती कपाकडे बघत राहिली. घोट, मग अर्धा, मग सगळाच. हे तिने कुठे पाहिलं होतं? स्वतःच्याच स्वयंपाकघरात. मीठ, लिंबू, मिरची.

"ताई," ती म्हणाली. "तुलाही चव येत नाही ना गं आता?"

करकर थांबली.

"मलाही येत नाही. तापापासून. तुला सांगितलं नाही, तू मेल्यावरसुद्धा राबशील म्हणून." ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "राहू दे आता. मी बघते काहीतरी."

तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या कड्याला हात लावला. बर्फासारखं गार होतं. तिने ते जोर लावून मागे आणलं, नवा कप काढून ताईच्या जागी ठेवला, आणि दार उघडून बोळापलीकडे हाक मारली.

घड्याळवाले काका आले ते डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून.

"काका, मला चव कळत नाही. कित्येक महिने झाले. मी तुम्हाला फसवलं." एका दमात सांगून झालं. "आज तुम्ही चाखा. नुसतं सांगा, मी फिरवते."

काका स्टुलावर बसले. "आण."

पहिला कप पाणचट. दुसरा आंबट. तिसऱ्याला काका म्हणाले, "जवळ आलीस." ती कॉफीची धार बघत होती, तिचा रंग, तिची जाडी, ती तुटते कुठे. जिभेने नाही तर डोळ्याने लक्षात ठेवत होती. पुढच्या कपाला काकांनी डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत.

"हीच," ते म्हणाले. "हीच गं पोरी."

धाकटी उड्या मारायचीच बाकी राहिली. दुपारी कंपनीच्या माणसाला काय सांगायचं ते तिला आता माहीत होतं. ही बातमी सांगायला ती फळीच्या टोकाकडे वळली.

कप काठोकाठ भरलेला होता. वर साय धरल्यासारखा पातळ थर आला होता, कुठे न मोडलेला. तिने वाट पाहिली. काका आपल्या दुकानात गेले, रस्ता भरला, कुणी कुणी आत डोकावून गेलं. कप तसाच.

शेवटी तिनेच तो उचलला आणि ताईच्या जागी उभी राहून, डोळे मिटून एक घोट घेतला. गार होती, एवढंच कळलं.