मामांची हिरवी खूण

मामांना वाईट बातमी सांगता यायची नाही, आणि ऐकून घेता तर त्याहून यायची नाही. हाताखालची सगळी पोरं पाठीमागे त्यांना मामाच म्हणत. माणूस देवासारखा हो! कुणाला ताप आला तर स्वतः घरी सोडणार, वरच्यांची बोलणी स्वतः खाणार. पण कॉम्प्युटरचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा, आणि नेमके तेच प्रोग्रॅमर लोकांचे मॅनेजर. आता बोला!

दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप तयार होत होतं. टीममध्ये सगळ्यांत लहान म्हणून जिला शेंडेफळ म्हणत, त्या मुलीनं केलेला भाग मामा बघायला बसले. मध्येच नेट गेलं की लाल अक्षरं येत : 'नोंद झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"हे काय गं? आजारी माणूस धसका घेईल ना! काढ ते. कायम हिरवी खूण दाखव, बघणाऱ्याला कसं बरं वाटतं."

"पण सर, नोंद झालीच नसेल तर?"

"होईल गं! नेट काय, आज ना उद्या येतंच."

शेंडेफळानं परोपरीनं समजावलं, कागदावर चित्रं काढून दाखवली. मामांनी सगळं कौतुकानं ऐकलं आणि तिच्यासाठी कॉफी घेऊन आले. इतक्या मायेनं कॉफी देणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? शेवटी तिनं हात टेकले आणि हिरवी खूण लावली.

ॲप सुरू झालं. मामांनी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ त्यावरूनच घेतली आणि ऑफिसभर मोबाइल दाखवत फिरले. म्हातारीला आता माणसं आवाजावरूनच ओळखावी लागत होती.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, हे म्हणतात यादीत नावच नाही. माझ्याकडे तर हिरवी खूण आहे! बघ बरं, यांनीच काहीतरी गोंधळ घातलाय."

तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. नोंद पोचलीच नव्हती. हे फोनवर सांगायचा तिला धीर होईना. दवाखाना जवळच होता, तशीच धावत गेली आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "आणखी कुणाकुणाचं असं झालं असेल?"

"कळायला मार्ग नाही, सर."

"पोरांना फोन कर. आत्ताच्या आत्ता बंद करा ते."

काउंटरवर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मामा बाकावर आईशेजारी बसले. "आई, डॉक्टरांना अचानक..." एवढं म्हणून अडखळले. आता हे थाप मारणार, शेंडेफळाला वाटलं.

"नाही, डॉक्टरांचं काही नाही," मामा म्हणाले. "नंबर लागलाच नाही, आई. घोळ मी घातला. ही पोरगी कानीकपाळी ओरडत होती, मी ऐकलं नाही. आता आणखी दीड महिना तुला असंच काढावं लागणार."

शेंडेफळाला त्या क्षणी मामांची फार माया आली.

म्हातारीनं चाचपडत लेकाचा हात धरला. "रडतोयस का रे?"

मामांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"हो," ते म्हणाले.

"रड मग. पण आधी मला काहीतरी खायला घाल. सकाळपासून उपाशी ठेवलंयस, मेल्या!"