निरोप राहिलेली सुपारी

हरिहरशास्त्री जठारपेठेतले नावाजलेले पुरोहित. पानावर सुपारी मांडून तिच्यात गणपतीला बोलवायचं आणि पूजा आटोपली की अक्षता वाहून त्याला निरोप द्यायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. निरोप दिला की सुपारी नुसती सुपारी. तोवर मात्र ती देव. सत्तावन्न साली खुशालरावांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, त्या दिवशी शास्त्रीबुवांना परतवाड्याची मोटार गाठायची होती. घाई म्हणजे कसली घाई! मोटार गावाबाहेर पडली आणि त्यांच्या लक्षात आलं. निरोप द्यायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते परतले ते थेट खुशालरावांच्या दारात. काळ्या जमिनीत कापूस पिकवून सुखी झालेला हा शेतकरी तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ.

“पूजेतली सुपारी कुठे आहे हो?”

“खाल्ली ना मी, पानासंगं. काहून?”

शास्त्रीबुवा निरोप राहिल्याचं खरं ते सांगून मोकळे झाले. खुशालरावांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, तोंडाला पदर लावला. खुशालराव मात्र खो खो हसले.

“म्हंजे गनपती माह्या पोटात हाये? राहू द्या. पन तुमी बोलावलं तं येते, अन् तुमी जा म्हटल्याबिगर जात नाई, तं मंग मोठा कोन, महाराज? तो का तुमी?”

याला शास्त्रात उत्तर असेलही. ते शोधायला शास्त्रीबुवा घरी पोथ्या उघडून बसले.

देव कोपेल, या भीतीने ते रोज खुशालरावांची तब्येत विचारायला जाऊ लागले. गडी ठणठणीत! भाकरी, ठेचा, वर दुपारची झोप. दिवस गेले तशी भीती उलटी फिरली. अख्खा देव गिळला आणि साधी उचकीसुद्धा नाही? मग आजवर ज्या सुपाऱ्यांपुढे आपण हात जोडले, त्यांत होतं कोण? एका सकाळी संध्येला बसले असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, “देवा, त्याचं पोट थोडं तरी दुखू दे.” भल्या माणसाचं वाईट मागितलं होतं त्यांनी. त्यांना स्वतःचीच किळस आली.

आणि मग खरंच खुशालरावांचा नोकर सांगत आला, मालकाच्या पोटात कळा उठल्या. शास्त्रीबुवा अनवाणी धावले. खोटं कशाला बोला, रस्ताभर त्यांना आनंदच होत होता. आहे, तो आहे!

बाजेवर खुशालराव गुडघे पोटाशी घेऊन तळमळत होते. ओठ पांढरे पडलेले. ते पाहून शास्त्रीबुवांचा आनंद पार आटला.

“यायले सोडवा, महाराज,” दुर्गाबाई रडत म्हणाल्या. “जा म्हना त्या गनपतीले.”

शास्त्रीबुवांनी अक्षता घेतल्या. मंत्र जिभेवर होता. म्हटला की देव जाईल, कळ थांबेल. आणि नाही थांबली तर? आत नुसतं दुखणंच असलं, तर मंत्र म्हणता म्हणता हा माणूस हातचा जायचा. त्यांनी अक्षता खाली ठेवल्या.

“बाई, डॉक्टरांना बोलवा,” ते म्हणाले. “आधी डॉक्टर.”

कोणीतरी सायकल काढून पळालं. खुशालरावांनी शास्त्रीबुवांचं मनगट घट्ट धरलं. इतके दिवस थट्टा करणारा तो माणूस आता लेकरासारखा भेदरला होता.

“महाराज, म्हंजे… आत कोनीच नाई?”