मिटल्या ओठांची अक्षरं

“चार शिट्ट्यांवर बंद करा म्हणलं होतं, नऊ झाल्या. आता ही डाळ वाढू का भिंतीला सारवू?” सखुबाई कुकरवर करवादत होती, पण तोंड दारात बसलेल्या नवऱ्याकडे होतं, म्हणून मोतीरामला सगळं कळलं.

“लक्ष नव्हतं,” तो म्हणाला.

“लक्ष नसतंच त्यांचं,” मुलगा राज उंबऱ्यात बूट घालता घालता म्हणाला.

त्या घरात लक्ष नसणं हा आजार होता आणि तो एकट्या मोतीरामलाच जडला होता. दाराची कडी, फोनची घंटा, गल्लीतला भंगारवाला, कशाकडेच त्याचं लक्ष नसे. बहिरा हा शब्द मात्र कुणी काढत नसे. कारण तो निघाला की पुढचा प्रश्न यायचा, कधीपासून? आणि त्या प्रश्नाची वाट थेट विहिरीपाशी जायची.

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मोतीरामने पॉवर प्रेसवर बावीस वर्षं काढली होती. पत्रा सरकवायचा, पायडल दाबायचं, धाड. दिवसातून हजारो वेळा धाड. सुपरवायझर कानात बोळे घाला म्हणायचा, पण बोळे घातले की शेजारच्याची शिवी ऐकू येत नाही, मग पाळी संपायची कशी? शेजारच्या प्रेसवरच्या जयरामने त्याला पहिल्याच महिन्यात ओठ वाचायला शिकवलं. “फक्त प, ब आन् म, या तिघांचा भरवसा नाय,” जयराम सांगे. “तिघंबी ओठ मिटूनच बाहेर पडत्यात. जेवताना मी मीठ मागतो आन् हे येडं मला इचारतं, पीठ कशाला पायजे?” बाकीची अक्षरं मोतीराम इतकी सफाईने वाचायला शिकला, की कान कधी गेले ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

सत्त्याण्णव साली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, आनंदवल्लीच्या त्यांच्या मळ्यात झेंडू तोडणीला आला होता. त्या सकाळी त्याची बारा वर्षांची सुवर्णा विहिरीत पडली. मोतीराम दहा पावलांवर, विहिरीकडे पाठ करून फुलं खुडत होता. “तिनं हाक मारलीच नाही,” त्याने पोलिसांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, दहाव्याला जमलेल्या भावकीला सांगितलं. “मारली असती तर मी गेलो नसतो का?” सगळ्यांनी माना हलवल्या. गेली पाच वर्षं तो त्या एका वाक्यावर उभा होता. कान गेलेत हे कबूल केलं की पायाखालचं तेवढंही निघणार होतं.

यंदाच्या वैशाखात राजचं लग्न झालं आणि दिंडोरीकडची योगिनी सून म्हणून घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन पुढ्यात उभी राहिली. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि मोतीरामच्या कानात सुवर्णाचा आवाज लख्ख उमटला.

“बाबा.”

कप हिंदकळून चहा धोतरावर सांडला. सखुबाई म्हणाली, “लक्ष कुठं असतं?”

सुवर्णाचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे तिच्या ‘स’मधून बारीक शीळ यायची. योगिनीने साखर म्हटलं की त्यातही ती शीळ असायची. योगिनीचे दात मात्र मोत्यासारखे सलग होते. मोतीराम रोज ते निरखून बघायचा आणि त्याच्या मानेवर काटा यायचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त तो सुनेच्या समोर बसू लागला. गवार मोडायला, लसूण सोलायला, जिथे तिचं तोंड दिसेल तिथे. “मामांना माझं लय कौतुक,” ती माहेरी फोनवर सासऱ्याबद्दल सांगायची.

पुढे पुढे आवाज ओठांची वाट बघेनासा झाला. भर दुपारी, योगिनी मळ्यात गेलेली असताना, रिकाम्या पडवीत तो यायचा. नेहमी पाठीमागून. मोतीराम वळायचा. मागे दोरीवर वाळत घातलेल्या गोण्या तेवढ्या असायच्या, जरासुद्धा न हलणाऱ्या.

पावसाळ्यात योगिनीचा घसा बसला. इतका, की हवेशिवाय तोंडातून काही निघेना. राजला ती खुणा करून सांगत होती, सासू कान तिच्या तोंडाला लावत होती. मोतीराम एकटा तिच्याशी अर्धा तास निवांत बोलला आणि उठताना म्हणाला, “आज आवाज किती मोकळा लागलाय गं तुझा.”

योगिनी जागच्या जागी थिजली. आवाज परत आल्यावर तिने राजला पहिली गोष्ट ती सांगितली. चार दिवसांनी सगळे कॉलेज रोडवर कान तपासणाऱ्या बाईंकडे गेले.

जाड दाराची एक छोटी खोली होती, तिला एक काच. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. दार बंद झालं आणि मोतीरामला वाटलं, एवढं गप्प तर स्मशानही नसतं. मग मागून आलं, बाबा. त्याने बटण दाबलं. बाबा. दाबलं. काचेपलीकडे बाईंच्या कपाळावर आठी पडली.

“काका, मी काहीच लावलं नव्हतं,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. “काय ऐकलंत?”

मोतीराम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

बाईंनी कागदावर गोगलगायीसारखं काहीतरी काढलं. “कान नुसता निरोप पोचवतो. आत हा शंख असतो. त्यात केसासारखे तुरे असलेल्या बारीक पेशी. आवाजाने ते तुरे डुलतात आणि मेंदूला निरोप जातो. तुमचे प्रेसच्या दणक्याने आडवे झालेत, ते परत उभे राहत नाहीत. पण ऐकतो तो मेंदू, आणि त्याला रिकामं बसवत नाही. निरोप आला नाही की तो जुन्या पेटीतलं काढून लावतो आणि आत्ताच आलं असं समजतो. समोर ओठ हलताना दिसले की त्याचं काम अजून सोपं.”

“आवाज कुणाचा लावतो?” योगिनीने विचारलं.

“त्याच्या पेटीत असेल त्याचा. तुमचा यांनी कधी ऐकलाच नसेल.”

मोतीराम सुनेकडे वळला. “तू मला काय म्हणून हाक मारतीस?”

ती काहीतरी म्हणाली. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. बाबा, त्याला ऐकू आलं. बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्यापुढे धरलं: मामा.

“हे कधीपासून आहे?” बाईंनी विचारलं.

“झालं असंल वर्ष-दोन वर्ष,” सखुबाई घाईने म्हणाली.

“छे. एवढं उतरायला दहा-बारा वर्षं जातात.”

राज पंख्याकडे बघू लागला. त्यातून पाच वजा करायला कुणालाच पाटी लागत नव्हती.

बाईंनी कानामागे मशीन बसवलं. पंखा गिरणीसारखा घरघरला, सखुबाईच्या बांगड्या पत्र्यासारख्या वाजल्या, आणि एक जाडसर, नाकातला, अगदी परका आवाज म्हणाला, “मामा, येतंय का ऐकू?” त्यात कुठेच शीळ नव्हती. मोतीरामने मशीन उपटून काढलं.

आठ दिवस ते डबीत पडून राहिलं. पडवीतला आवाज येतच होता. कोण लावतंय ते आता ठाऊक होतं, तरी मोतीराम वळायचाच. एका दुपारी गोण्यांकडे तोंड करून त्याने हळूच विचारलं, “तू हाक मारली होतीस का गं?”

“बाबा,” ती म्हणाली.

“त्या दिवशी. मारली होतीस?”

“बाबा.”

दुसरं काही ती बोलेचना. पेटीत जे पडलंच नव्हतं, ते ती आणणार कुठून?

त्याने डबी उघडली, मशीन कानामागे बसवलं आणि चुलीपाशी गेला. सखुबाई एकटीच मेथीच्या जुड्या सोडत होती. पानांची सळसळ कानात वाळूसारखी घुसली.

“मशीन लावलंय,” तो म्हणाला. “त्या सकाळी तू वरच्या बांधाला होतीस.”

सखुबाईचे हात थांबले. तिने त्याच्या कानाकडे बघितलं. बोलताना कायम त्याच्याकडे तोंड ठेवायची तिला वर्षानुवर्षांची सवय. आता ती सावकाश पुरती भिंतीकडे वळली. ओठ दिसेनात, नुसता अंबाडा दिसत होता.

“मारली होती हाक,” ती म्हणाली. “लय मारल्या. मला आल्या ऐकू. तुम्हाला येत नाय हे या घरात सगळ्यांच्या आधी मला ठावं होतं. तरी मी म्हणलं, बाप जवळ हाय, बघंल. आन् मी जागची उठले नाय.”