शाकीबचा हिस्सा

आतल्या खोलीत पेटीची कडी वाजली. एवढीशी, खण् करून. दुपारभर घर गप्प होतं. असरची, दुपार कलतानाची अजान होऊन गेली होती, माझी लेक अरीबा झोपेतून उठून दादीच्या खोलीत गेली होती आणि मी कानाला हेडफोन लावून पुढच्या फोनची वाट पाहत होते. जुमेरात होती, गुरुवार. अम्मी, माझ्या सासूबाई, फातेहासाठी, गेलेल्याच्या नावानं ताटली ठेवून दुआ करायला, लोबानदान काढत असतील, एवढंच मनात आलं.

फोन आला.

"नमस्कार, शेतकरी मदतवाहिनी, शाइस्ता बोलते."

"बाई, मी तेल्हाऱ्याकडून नत्थुजी बोलून राहिलो. पऱ्हाटीले डोमकळ्या दिसून राहिल्या."

डोमकळी म्हणजे कपाशीचं फूल नीट उमलत नाही, गुलाबासारखं मुडपून राहतं, आणि आत गुलाबी अळी बसलेली असते. मी सांगायला सुरुवात केली, "काका, घाबरू नका. त्या कळ्या तोडून..."

"काय तोडून? हॅलो?"

"कळ्या, काका. तोडून एका..."

"अवं पोरी, तुहा आवाज विहिरीतून आल्यावानी येते." थोडा वेळ नुसती खरखर. मग दुसऱ्याच कोणाला तरी सांगितल्यासारखं, "आता तं विहिरीतबी नाई."

कट.

मी हिवरखेडच्या मराठी शाळेतली, म्हणून हे काम मिळालं. ऑफिस अकोल्याला, मी अमरावतीत घरी. इंटरनेटवरून फोन माझ्या कॉम्प्युटरवर येतात, तेल्हारा तालुक्याचे सगळे माझ्याकडे. माझा नवरा शाकीब गेल्यावर, इद्दतमध्ये, म्हणजे विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या मुदतीत, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता करता येईल असं दुसरं काम नव्हतंच. हे टिकलं तर भाड्याचं घर टिकणार, आणि घर टिकलं तर आम्ही तिघी एकत्र. नाहीतर मी अन् अरीबा माझ्या भावाकडे हिवरखेडला आणि अम्मी त्यांच्या लेकीकडे. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. पण अम्मी मधूनच अरीबाला उगाच जवळ ओढून धरत, तेव्हा कळायचं.

संध्याकाळी सीमा मॅडमचा फोन आला. त्या आमच्या वरच्या.

"शाइस्ता, तुमच्या तक्रारी गुरुवारच्याच कावून येतात?"

"मलाही तेच कळत नाही, मॅडम."

"पुढच्या गुरुवारी असंच झालं तं माझ्या हातात काही राहणार नाही. मग अकोल्याले येऊन बसावं लागन." थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाले ते जमणार नाही, ठाऊक आहे मला."

पियुषला बोलावलं. शाकीब आणि तो मिळून कोचिंग क्लासेसमध्ये, अडत्यांकडे नेटवर्कची कामं करायचे. रविवारी येऊन त्याने सगळं तपासलं आणि वैतागला. "भाभी, लाईन तं घोड्यावानी पळून राहिली. बिमार कोन हाय?"

"पियुषभाऊ, गुरुवारी या. असरनंतर."

"म्हणजे भूत पकडाले या म्हना." बोलून गेला आणि जीभ चावली असावी. पडद्याखाली त्याच्या चपला मागे सरकल्या.

पडदा, कारण मी इद्दतमध्ये होते. हाच पियुष आधी सरळ स्वयंपाकघरात येऊन भगुण्यावरचं झाकण उघडून पाहायचा. आता तो बाहेर पायरीवर बसायचा, मी आत, मध्ये दाराचा पडदा. पडद्याखालून त्याच्या चपला तेवढ्या दिसायच्या.

जुमेरात आली. लोबानचा वास घरभर पसरला आणि लाईन बसली.

"आता डबा बाजूले ठेवा," पियुष बाहेरून म्हणाला. "कंपनीची तार सरळ कॉम्प्युटरले लावा."

लावली. पानं धडाधड उघडली.

"आता डब्यातून."

पुन्हा तेच. अर्धं पान, मग पांढरं, मग नुसतं फिरणारं चक्र.

डबा शाकीबचा. मिठाईच्या खोक्याएवढा, काळा, समोर हिरवे दिवे. फायरवॉल म्हणजे काय, असं अरीबाने विचारलं होतं तेव्हा त्याने तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, हा आपल्या दारावरचा चौकीदार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाले विचारते, तू कोन, कुठं चालला. तेव्हापासून अरीबा झोपण्याआधी डब्याला सलाम करायची.

"दोष डब्यात हाय, भाभी. काढून टाका. कंपनीचा राऊटर पुरते तुमाले."

मी डब्यावर हात ठेवला. कोमट होता. उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटाहून परतताना शाकीब गेला. त्या साली पाण्यावाचून संत्र्याच्या बागाच्या बागा वाळल्या होत्या, लोक झाडं तोडून सरपणाला विकत होते. तसल्या संत्र्याच्या लाकडांनी भरलेला एक ट्रक रस्त्याच्या कडेला दिव्याविना उभा होता, शाकीबची गाडी त्यावर आदळली. त्याचे कपडे गेले, गाडी गेली, सिमकार्ड परत केलं. हा डबा तेवढा अजून कोमट होता.

"आधी आत पाहा," मी म्हटलं. "कोण काय घेऊन राहिलं ते. मग काढू."

बाहेर त्याच्या लॅपटॉपच्या बटणांचा आवाज सुरू झाला. मग थांबला.

"पियुषभाऊ?"

"भाभी, शाकीबचा फोन कुठं हाय?"

"अम्मीच्या पेटीत. बंद आहे."

"बंद नाई." त्याचा आवाज खाली गेला. "चालू हाय. या घडीले डब्याले जोडलेला हाय. पह्यलं नाव त्याचंच."

शाकीब गल्लीच्या तोंडाशी आला की त्याचा फोन आपोआप घराच्या वायफायला जोडला जायचा आणि माझ्या मोबाईलवर सूचना यायची, शाकीब आला. पावलांच्या आधी त्याचा फोन घरात शिरायचा. मी चहा ठेवायची, तो दाराशी येईपर्यंत उकळी यायची. पियुष बोलला आणि माझी मान गॅसकडे वळली. मी खरंच उठले. पातेल्याला हात लागला तेव्हा भानावर आले.

"अन् घरातली सगळी लाईन तोच ओढून राहिला," पियुष पडद्याशीच बोलत होता. "त्यानं इथं नियम टाकून ठेवला, माहा फोन पह्यला, बाकीचे मांगून. घरी बसून गिऱ्हाइकाच्या मशीनी सुधराले लागे ना त्याले. त्याचं होत नाई तोवर तुमचा नंबरच लागत नाई. कायतरी पाठवून राहिला तो. सारखं."

आतल्या खोलीतून अरीबाचं बोलणं ऐकू आलं. कोणाशी तरी बोलावं तसं, थांबून थांबून. मी दार ढकललं.

पेटी उघडी होती. खाली चादरीवर फातेहाची ताटली: खीर, आलू-वांग्याची भाजी, दोन पोळ्या. लोबानचा धूर वर चढत होता. शाकीबचा फोन चार्जरला लावलेला, आणि अरीबा तो दोन्ही हातांनी खिरीवर धरून उभी.

"अब्बू, आज खीर हाय. चारोळ्या मी टाकल्या. हे पाहा. हे दादी. दादी, हस ना."

अम्मी, परवीनबी, माझ्याकडे पाहून हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पदर सारखा केला.

"हर जुमेरातले?" मी विचारलं.

"पोरगी म्हने, अब्बूले कसं कळन आपण काय ठेवलं." अम्मी फोनकडे पाहत होत्या. "मले कायचं समजते त्यातलं. पन हे पाय, पोरी." त्यांनी फोन माझ्यापुढे केला. पडद्यावर व्हिडिओच्या चौकटींची रांग होती आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बारीक बाण, खालून वर हलत. "वर जाते ना ते? वरच जाते. मी किती डाव पाह्यलं."

मी चार्जरची वायर काढली. फोन घेऊन दाराशी आले, पडद्याखालून सरकवला. पियुषने तो उचलला. एकेक चौकट उघडून पाहिली.

"ऑफिसातल्या त्याच्या मशीनीवर जाते, भाभी. फोटो, व्हिडिओ आपोआप तिथं जमा व्हावे असं त्यानं लावलं होतं. ती मशीन भरली. हे इथून पुरं जाते, तिथून लोटून देते, मग पुन्हा पह्यल्यापासून. असंच चालू हाय." त्याने नाक ओढलं. "यात तं बकरीबी हाय तुमच्या गल्लीतली. पोरीनं सगळंच दाखवलं त्याले."

अम्मी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोहचत नाई तं," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"भाभी, नियम पुसू का?" पियुषने विचारलं. "की डबाच काढायचा?"

ऑफिसची वेळ अजून संपली नव्हती. कॉम्प्युटरवर फोन येत होते आणि उचलायच्या आधी गळत होते. मी अम्मींकडे पाहिलं. फातेहात गेलेल्याचा हिस्सा सगळ्यांच्या आधी निघतो. तो निघेपर्यंत घरात कोणी घास घेत नाही.

"अम्मी, त्याचं आधी काढत राहिलो तर आपल्याला काही उरत नाही."

अम्मी भिंतीला टेकल्या. मग अरीबाच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "तो कधी जेवला गं आधी? ताटावर बसला की पह्यले पोरीले चारे. मग मले वाढ म्हने. मग तुले. पातेलं पुसून खाये शेवटी अन् म्हने, पोट भरलं." त्या पडद्याकडे वळल्या. "पियुष, पुसू नको बेटा. त्याले शेवटी टाक. सगळ्यायचं झाल्यावर जे उरन ते त्याचं."

"हो, काकू."

बाहेर बटणं वाजली. डब्यावरचे दिवे एकदा विझले, पुन्हा लागले. फोन पडद्याखालून परत आत आला. मी तो अम्मींच्या हातात दिला, हेडफोन चढवला आणि पहिला आलेला फोन उचलला.

"बाई, मी तेल्हाऱ्याकडून..."

"नत्थुजी काका, बोला."

"तेच विहिरीवाली का तू?"

"तीच."

"आता तं बांधावर उभी राहून बोलल्यावानी येते." ते हसले, मग खोकले. "सांग मंग. कळ्या तोडून काय करू?"

मी सांगितलं. तोडून एका थैलीत जमा करा, शेताबाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका. मग कामगंध सापळे, रोज त्यात किती पतंग पडतात ते पाहायचं. एकही शब्द तुटला नाही. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आठ दिस थांबलो मी तुह्यासाठी. जवळच्या कोनालेच इचारलं नाई." आणि फोन ठेवला.

मी हेडफोन काढला. पायरीवरच्या चपला गेल्या होत्या. लोबान विझत आलं होतं.

अरीबा माझ्या खुर्चीशी आली. तिच्या हातात फोन होता. पडद्यावरचे सगळे बाण आपला नंबर लागायची वाट पाहत थांबले होते. कोणता अर्ध्यात, कोणता अगदी तळाशी. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला, बोटाने एकेक चौकट दाबून पाहिली, आणि मान वर केली.

"अम्मी, अब्बूनं कुठवर पाह्यलं?"