उचला म्हणायचं कोणी

कपाटवाल्याने आयुष्यभर लोकांची घरं हलवली होती. चौथ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावरून, भिंतीला ओरखडा न पाडता खाली कसं आणायचं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण अतिदक्षता विभागात सात नंबरच्या पलंगावर पडलेली आपली बायको दोन पाय खाली सोडून बसत का नाही, हे काही त्याला कळत नव्हतं.

तिला न्यूमोनिया झाला होता. ताप उतरला, छाती निवळली, पण सोळा दिवस पडून राहिल्याने अंगातली ताकद पार गेली होती. व्हेंटिलेटरची नळी गळ्याला भोक पाडून घातलेली, त्यामुळे बोलणं बंद. घरात जरा शांतता असावी, असं कपाटवाला पूर्वी अधूनमधून म्हणत असे. आता त्या शांततेत त्याला घास गिळवत नव्हता.

सोमवारी फिजिओताई आली. लहान चणीची, बारीक मनगटांची. ही काय उचलणार, असं कपाटवाल्याच्या मनात आलं.

"आधी समजतंय ना सगळं, ते बघू," ती म्हणाली. "काकू, डोळे मिटा. उघडा. माझ्याकडे बघा. मान हलवा. भुवया वर करा. आता जीभ बाहेर काढा."

काकूंनी सगळं केलं. जीभ काढायच्या वेळी मात्र त्यांनी तोंड नवऱ्याकडे वळवलं आणि गरजेपेक्षा बराच वेळ ती बाहेर ठेवली.

"डोकं अगदी जागेवर आहे," फिजिओताई म्हणाली.

मग तिने हातापायांची ताकद तपासली. एका बाजूच्या सहा हालचाली, दुसऱ्या बाजूच्या सहा, प्रत्येकीला पाच मार्क. एकूण साठ. काकूंना बावीस पडले.

कपाटवाल्याने मनात हिशेब केला. "म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या वर. पास."

"इथे पस्तीसला पास नसतं, काका. पण नापास म्हणून घरीही बसवत नाही. उद्यापासून पलंगाच्या कडेला बसवायचं."

मंगळवारी तिने आधी मॉनिटर पाहिला, रक्तदाब पाहिला, मग नळ्या एकेक करून मोजल्या, कोणती कुठून कुठे जाते ते बोटाने तपासलं आणि सगळ्यांना पुरेशी ढील दिली. कपाटवाल्याचं तिच्याबद्दलचं मत तिथेच बदललं. दोर न तपासता ओझ्याला हात घालणारी माणसं त्याने खूप पाहिली होती.

फिजिओताईने खांद्यामागे हात घातला. सिस्टरने पाय धरले. वॉर्डातले मामा नळ्या सांभाळायला उभे राहिले.

"काकू, तीन म्हटलं की तुम्ही पण जोर लावायचा. एक, दोन, तीन."

काकू सिमेंटच्या पोत्यासारख्या आल्या आणि सिमेंटच्या पोत्यासारख्या परत गेल्या.

"जोर लावा, काकू," सिस्टर म्हणाली.

"अहो वहिनी, लावा की जरा," मामा म्हणाले.

"अगं, कोपर टेक, कोपर," कपाटवाला म्हणाला.

काकूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बुधवारी तेच झालं. फक्त मामांनी "हां, हां, हां" एवढं जास्त केलं.

बुधवारी संध्याकाळी मोठे डॉक्टर पलंगाशी थांबले. कागद चाळत म्हणाले, "सूचना पाळत नाहीत असं दिसतंय."

"डॉक्टरसाहेब, छत्तीस वर्षांत तिने माझी एक सूचना पाळलेली नाही. ते आजाराचं लक्षण धरू नका."

डॉक्टर हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता, पण त्यांच्या बारा पलंगांसाठी बाहेर रांग होती. "हे बघा, इथे त्यांच्यासाठी आणखी करण्यासारखं नाही. शुक्रवारी सकाळच्या राउंडला बसलेल्या दिसल्या, तर मशीन हळूहळू काढायला घेऊ. नाहीतर लांबच्या केंद्रात पाठवावं लागेल. तिथे असे रुग्ण महिनोन्महिने ठेवतात."

"आणि भेटायला?"

"रविवारी एक तास."

"तिथून माणसं घरी येतात?"

"काही येतात," डॉक्टर म्हणाले आणि आठ नंबरकडे वळले.

गुरुवारी कपाटवाल्याने कशालाही हात लावला नाही. तोंडही उघडायचं नाही असं ठरवून तो पायथ्याशी उभा राहिला. एक, दोन, तीन झालं. पोतं आलं, पोतं गेलं. सगळे बोलत होते आणि त्याला पहिल्यांदाच नुसतं बघायला सवड होती. तेव्हा त्याला दिसलं. बायकोच्या उजव्या हाताचं बोट पलंगाच्या कठड्यावर एकदा टेकलं. पण सगळ्यांनी तिला परत गादीवर ठेवल्यानंतर.

तो तिथेच मटकन स्टुलावर बसला.

"काका, चक्कर आली का?" सिस्टरने विचारलं.

"नाही हो. बैल आहोत आपण सगळे. मी सगळ्यात मोठा."

मग त्याने फिजिओताईला बाहेर नेऊन सांगितलं. सामान हलवायचा धंदा नावाला त्याचा होता. चालवायची बायको. हमाल तिला मुकादम म्हणत, तेही तिच्या तोंडावर. फार वर्षांपूर्वी एकदा संगमरवरी टेबल जिन्यातून उतरवताना वरचा म्हणाला "उचल", खालचा म्हणाला "थांब", मधला म्हणाला "डावीकडे", आणि टेबल कपाटवाल्याच्या पायावर बसलं. त्या दिवशी मुकादमने नियम केला. सांगणारा एकच, बाकीच्यांनी तोंड शिवून घ्यायचं. आणि जिन्यात आवाज घुमतो, शेजारीपाजारीही दार उघडून सूचना करतात, म्हणून तोंडाने सांगायचंच नाही. लाकडावर बोटाने एक ठोका दिला की उचलायचं. ठोक्याआधी कोणी नुसतं हाताला थुंकलं तरी ती सगळ्यांना परत खाली ठेवायला लावायची.

"म्हणजे काकू आपल्याला सूचना देत होत्या?"

"तीन दिवस. आणि आपण ठोक्याआधीच उचलतोय. तिच्या हिशेबाने तिने आपल्याला तीनदा कामावरून काढून टाकलंय."

फिजिओताईने जरा विचार केला. "काका, माझा पेशंट आहे. पडल्या तर मी जबाबदार."

"अहो, धरणं तुमचं, तपासणं तुमचं. थांबवायचं तेही तुमच्याच हातात. फक्त कधी उचलायचं, ते तिचं."

"आजच करून बघायचं?"

"आज ती दमली आहे. आणि चिडलेली आहे. मुकादम चिडली की दुसऱ्या दिवशीच काम निघतं."

शुक्रवारी सकाळी फिजिओताईने नळ्या तपासल्या, रक्तदाब पाहिला, आणि काकूंच्या कानाशी वाकून म्हणाली, "काकू, आम्ही तयार आहोत. तुमचा ठोका पडला की उचलतो."

काकूंनी डोळे उघडले. मान किंचित वळवून त्यांनी प्रत्येकाची हजेरी घेतली. सिस्टरवरून नजर सरकली. मामांवर थांबली. मामा अस्वस्थ झाले.

"मी काय केलं?" मामा पुटपुटले.

कपाटवाल्याने बायकोची नजर कुठे जाते ते पाहिलं. "नळी तुमच्या पायाखाली आहे."

मामांनी पाय उचलला. खरंच होती. फिजिओताईचा चेहरा पडला. आता सगळे चिडीचूप. व्हेंटिलेटर तेवढा आपला श्वास मोजत होता.

नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर आले. "काय, बसल्या का?"

चौघांनी एकदम त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागीच थांबले. फिजिओताईने ओठांवर बोट ठेवलं. तिने नंतर शपथेवर सांगितलं असतं की ते बोट आपोआप गेलं. डॉक्टर गप्प उभे राहिले. मामांनी सलाइनचा स्टँड त्यांच्या हातात दिला, कारण जवळचा रिकामा हात तोच होता.

काकूंनी डॉक्टरांना नीट न्याहाळलं. स्टँड कसा धरलाय तेही पाहिलं. अर्धं मिनिट गेलं, मग एक मिनिट. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, तर काकूंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी घड्याळाचा हात मागे घेतला. ही बाई माणसाला रांगेत उभं करते करते आणि संधी घालवते, असं कपाटवाल्याला वाटून गेलं. त्याला ती रविवारची एक तासाची भेट दिसायला लागली.

कठड्यावर बोट पडलं. टक.

फिजिओताईने उचललं, सिस्टरने पाय फिरवले, आणि या वेळी काकूंच्या अंगातूनही थोडा जोर आला. कोपर गादीत रुतलं, मान ताठ झाली, पाय खाली लोंबले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. डुलत होत्या, घामाने भिजल्या होत्या, पण बसल्या होत्या.

फिजिओताईच्या हातांचा पाठीला आधार होता, तरी ती म्हणाली, "मी फार धरलेलं नाही, सर."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले. चार मिनिटं त्यांनी स्टँड सोडला नाही. परत निजवल्यावर त्यांनी कागदावरची एक ओळ खोडली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि मामांना विचारलं, "मी बरोबर धरला होता ना?"

"पहिल्या दिवसाला चांगला होता," मामा म्हणाले.

कपाटवाला खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिला. त्याला सर्दी झालेली नव्हती.

दुपारी काकूंची झोप झाली, आकडे नीट होते. फिजिओताई म्हणाली, "थोडा वेळ खुर्चीत बसवून बघू का?" मागे कलणारी ती मोठी खुर्ची पलीकडच्या खोलीत होती. चाकं जाम झालेली. आतापर्यंत ती कोणी आणली नव्हती, कारण दारातून येत नाही असं सगळे म्हणत.

कपाटवाल्याने वितीने दार मोजलं, वितीने खुर्ची मोजली. "उभी नाही येणार. कुशीवर येईल." वीस दिवसांत तो पहिल्यांदाच घाईघाईने चालला. त्याने मामांना मागचं टोक दिलं आणि स्वतः उलटा चालत आत यायला लागला. पाठीला डोळे नसतात, तरी तो बेफिकीर होता. त्याच्या टाचेमागे दीड हातावर व्हेंटिलेटर होता.

पलंगावरून काकूंचा हात वर आला. सोमवारी हाच हात गादीवरून नुसता सरकत होता, सुटत नव्हता. आता तो गादी सोडून पंजा उघडा करून हवेत थांबला.

"थांबा," मामा म्हणाले.

कपाटवाला थांबला. मागे वळून त्याने मशीन पाहिलं, मग हात पाहिला.

फिजिओताई हळूच कागद ओढत म्हणाली, "खांदा, उजवा. तीन." तिने आधीचा आकडा खोडला. "एकूण तेवीस झाले, काका."

"ताई, ते नंतर. खुर्ची जड आहे."

"मग ठेवा ना खाली."

"कशी ठेवू? तिने अजून सांगितलं नाही."

काकू मशीन आणि खुर्ची यांच्यातलं अंतर शांतपणे बघत होत्या. हात थरथरत होता, पण खाली येत नव्हता. कपाटवाला आणि मामा खुर्ची धरून दारात उभे राहिले.