गच्चीवरची चादर

"काका, मोबाईल लावायचा नाही, फोन करायचा नाही, मग रोज रांगेत कशाला उभे राहता?" गाडीवाल्या ताईने शेवटी विचारलंच.

नसत्या चौकशांची तिला भारी हौस. सासूबाई म्हणायच्या, हिला मदतीच्या गाडीवर नाही, जकातनाक्यावर बसवायला हवी होती. गाडी म्हणजे चाकांवरचं ऑफिसच. टपावर इंटरनेटची थाळी, आत संगणक आणि प्रिंटर, दारापाशी चार्जिंगच्या वायरींचं जंजाळ. पूर ओसरल्यापासून सगळं गाव तिथे लोटलं होतं. रिकाम्या हाताने येणारा हा म्हातारा शिंपी तेवढा एकटाच.

"तो वरून काढलेला नकाशा असतो ना, तो दाखवा जरा," शिंपी म्हणाला. "नदीकाठची गल्ली."

तिने गल्ली पडद्यावर मोठी केली. शिंप्याने एका गच्चीवर बोट ठेवलं. तिथे लाल ठिपका होता.

"आमची चादर. हिने वाळत घातलीय. म्हणजे ही खाली असणार, मशीनवर."

फोटो पुराआधीचा होता. ते घर पुराने नेलं होतं आणि घरातल्या काकूंनाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय नकाशात नवा फोटो घालायचा निरोप सकाळीच आलेला. जुन्या नकाशाच्या भरवशावर निघालेला औषधांचा ट्रक वाहून गेलेल्या पुलाशी अडकला होता.

"काका, हा आज बदलावा लागणार. ट्रक चुकतायत."

"मग चादर दिसायची नाही?"

"नाही."

त्याने ठिपक्यावरचं बोट उचललं.

"बदला. पलीकडे माणसं अडकलीत."

तिने आधी जुना फोटो छापायला घातला. कागद हातात आला आणि तिला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"लाल फिका आलाय हो. शाई संपत आलीय."

शिंप्याने कागद डोळ्यांजवळ धरला.

"बरोबर आलाय. फिकीच होती. नवी घे म्हणायचो, तर ऐकायची नाही."

त्याने बेताने घडी घातली, गच्चीवरून मोड जाणार नाही अशी. ती खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून बंद पडलेला मोबाईल काढला.

"हा लावा. मुलगी लांब असते. तिला अजून सांगितलेलं नाही."

ताईने पुढे काही विचारलं नाही. एक वायर मोकळी करून दिली आणि बसायला आपला स्टूल पुढे सरकवला.